तापीतील पाला



मुलताईस उगम पावून खानदेशातून वाहत येणारी तापी ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ समुद्रास मिळते. पोटापाण्यासाठी सुरतेस आलेली खानदेशी कुटुंबे तिच्या प्रवाहाच्या दिशेनेच आली. परंतु उलट वाटेने जाणारा एक प्रवासीही या नदीला आहे. तो म्हणजे पाला मासा. आपल्याकडे त्याला भिंगही म्हणतात. गुजरातेत तो पालवा, बंगालात इलिश. तो वाढतो समुद्रात. पण अंडी घालण्यासाठी त्याला गोडे पाणी लागते. म्हणून पावसाळ्यात नदीला पूर आला, की तो प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतो.

ही वाट तीन ठिकाणी अडली आहे. १९५०च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले आणि १९९५ साली खुद्द सुरतेत सिंगणपूरचा बंधारा उभा राहिला. शेतीला पाणी मिळावे, पूर आवरावा, भरतीचे खारे पाणी शहराच्या पिण्याच्या पाण्यात शिरू नये, हे हेतू योग्यच होत. मात्र ज्या पुराची चाहूल लागून मासा नदीत शिरतो, तो पूरच आता धरणाच्या दरवाजांच्या स्वाधीन झाला आहे.

पाल्याची जात जगातून नष्ट होत चाललेली नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. परंतु जात टिकली, म्हणजे प्रत्येक नदीतील तिचा वंश टिकला, असे होत नाही. गंगेत हा मासा पूर्वी अलाहाबादच्याही वर जात असे. १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाल्यावर तेथील मासेमारी जवळजवळ संपली.

मग अभ्यास कशाचा करावयाचा? केवळ जाळ्यातील मासे मोजून भागत नाही. माशाच्या कानात एक चिमुकला खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी वलये पडतात आणि मासा खाऱ्या पाण्यात होता की गोड्या, याची खूण त्यांतील स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणावरून सापडते. उकाईच्या जलाशयातही पाला आढळल्याची नोंद आहे. तो तेथेच जन्मला, की समुद्र पाहून आला, याची साक्ष हा खडा देऊ शकतो.

उपाय नुसता जिना बांधण्याने होणार नाही. दक्षिणेत कोलेरून नदीच्या बंधाऱ्यावर असे मत्स्यमार्ग करून पाहिले. परदेशी सामन माशाप्रमाणे उड्या घेत चढणे पाल्याच्या स्वभावात नसल्याने ते निरुपयोगी ठरले. त्यापेक्षा पाणी कधी सोडले, किती सोडले आणि त्या आठवड्यात कोळ्यांना कोठे काय सापडले, या तिन्हींची नोंद वर्षानुवर्षे शेजारीशेजारी ठेवली पाहिजे. जलाशयातील पाण्याची पातळी आपण नित्य लिहून ठेवतो. त्याच वहीत माशासाठी एक रकाना राखला, तर पावसाळ्यात पाणी केव्हा आणि किती सोडावे, याचा निर्णय करताना शेतकरी व नागरिक यांच्याबरोबर या जुन्या प्रवाशाचाही विचार करता येईल.