पलटण आणि पाटी

चाकण, निगडी, देहूरोडकडील आपलीं पोरें पहाटे सडकेवर धांवतात तीं लष्कराच्या भरतीसाठीं. त्यांच्यासाठीं ही हकीकत.

चाकणहून शिक्रापुरावरून गेलें कीं भीमेकांठीं कोरेगांवचा रणस्तंभ लागतो. १ जानेवारी १८१८ रोजीं कंपनीच्या बाजूनें लढतां पडलेल्यांचीं नांवें त्यावर आहेत. त्यांत २२ महार. तरी जंगी लाट रॉबर्ट्स यांच्या काळांत 'लढाऊ वंशां'चें थोतांड माजलें आणि १८९३ च्या सुमारास महारांस भरतीचें दार बंद झालें.

गेली ती नुसती बंदूक काय? पलटणींत शाळा असत. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचे चिरंजीव कोण, हें येथें सांगणें नको. भरतीबरोबर ती पाटीहि गेली. आम्हां शिक्षकांस हेंच अधिक झोंबतें. १८९४ सालीं गोपाळबोवा वलंगकरांनीं, १९१० सालीं शिवराम जानबा कांबळ्यांनीं अर्ज केले. महायुद्धांत माणूस कमी पडूं लागला तेव्हां, १९१७ सालीं, महारांची १११ वी पलटण उभी राहिली. युद्ध सरल्यावर १९२१ सालीं ती मोडली! असें हें वंशशास्त्र गरजेपुरतें झोंपीं जात असे. महार रेजिमेंट झाली ती १९४१ सालीं.

२०२२ च्या अग्निपथ योजनेंत सर्व वर्गांची भरती जाहीर झाली, ठीक. पण राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलांत जाट, जाट शीख व रजपूत यांनाच घेतात, असें लष्करानें २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयांत सांगितलें. कारण काय, तर उंची, बांधा व रूप सारखें हवें. उंचीच हवी ना? मग जात न विचारतां फूटपट्टी लावा. आमच्या शाळेंतून गेलेलीं दहा उंच पोरें आम्ही उद्यां उभीं करतों.