परक्या देशातले आपले चार शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षणही सातवीपर्यंतच झाले. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला की, पाच वर्षे जपानात संसार करून आलीस, तर तेथली हकीकत सांग. आपल्या आळीतल्या मुलीही आता नवऱ्याच्या नोकरीमुळे परदेशी जात आहेत. त्यांना व त्यांच्या आयांना काही उपयोग व्हावा, म्हणून उभी राहिले आहे. तेथल्या उंच इमारती आणि वेगवान गाड्या आपण सर्वांनी चित्रांत पाहिल्या आहेत. मी आपली घरातली आणि शेजारातली गोष्ट सांगणार.

आमचे यजमान टोकियोत एका भारतीय उपाहारगृहात आचारी होते. मी आणि मुलगा मागाहून गेलो. विमानतळावरच राहण्याच्या परवान्याचे कार्ड हाती पडते. घर मिळाल्यावर १४ दिवसांच्या आत वॉर्डाच्या कचेरीत जाऊन त्यावर पत्ता नोंदवावा लागतो आणि बाहेर पडताना ते कार्ड नेहमी जवळ बाळगावे लागते. नवऱ्याच्या आधाराने गेलेल्या बायकोला काम करावयाचे तर वेगळी परवानगी काढावी लागते. तीही सहसा आठवड्याला २८ तासांपुरतीच मिळते.

घरात मात्र पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटल्या. चपला दाराशीच काढावयाच्या, कपडे गॅलरीत काठीवर वाळत घालावयाचे. जूनमध्ये पाऊस लागला की आपल्या कोकणासारखाच दमटपणा! नळाचे पाणी न उकळता पिता येते. त्यांचा तांदूळ आखूड आणि चिकट. पण एदोगावा वॉर्डात निशिकासाई म्हणून भाग आहे, तेथे आपली माणसे पुष्कळ राहतात, त्यामुळे तूरडाळ, हिंग, मोहरी सारे मिळते. शाकाहारी माणसाने मात्र जपून राहावे. भाजीच्या रश्श्यातदेखील सुक्या माशाचे पाणी घातलेले असते.

कचऱ्याची शिस्त मोठी. जळणारा कचरा अमक्या वारी, न जळणारा तमक्या वारी, कागद, काच, डबे निराळे. प्लॅस्टिकच्या बाटलीचे टोपण आणि वरचा कागद काढून ती विसळून ठेवावयाची. पिशवी त्या त्या दिवशी सकाळी आठच्या आत ठरल्या जागी ठेवावयाची आणि कावळ्यांनी फाडू नये म्हणून वर जाळे ओढावयाचे. वारांचा तक्ता मी स्वयंपाकघरात देवाच्या तसबिरीशेजारी लावला होता!

हे सारे महिन्याभरात अंगवळणी पडते. पडत नाही ते एकच, बोलणे. यजमान सकाळी जात ते रात्री येत. मुलगा वॉर्डाच्या शाळेत जाऊ लागला आणि सहा महिन्यांत भराभर जपानी बोलू लागला. मग दुकानात, कचेरीत, पोस्टात तोच माझे तोंड झाला. पुढे मला पोटाचा त्रास सुरू झाला. डॉक्टरकडे गेले, तर विचारणार डॉक्टर, सांगणारी मी, आणि मध्ये चौथीतले पोर! बायकांच्या दुखण्यातले प्रश्न लेकाच्या तोंडून कसे ऐकावयाचे आणि त्याच्या तोंडून उत्तर तरी काय द्यावयाचे? तो बिचारा लाजून खाली पाही. मी अर्धे दुखणे गिळले आणि अर्धीच औषधे घेऊन परत आले. त्या दिवशी मी ठरविले की, आपले दुखणे आपल्या तोंडाने सांगता आले पाहिजे.

आमच्या वॉर्डात आठवड्यातून एकदा बाहेरच्या लोकांसाठी जपानी भाषेचा वर्ग भरे. शिकविणाऱ्या बहुतेक साठीच्या पुढच्या बाया, स्वखुशीने येणाऱ्या. भीत भीत गेले आणि पहिल्याच दिवशी मौज वाटली. त्यांची मुळाक्षरे अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होतात आणि पुढे क, स, त, न या ओळी लागतात. ही मांडणी बौद्ध पंडितांबरोबर संस्कृतातून तिकडे गेली, असे बाईंनी सांगितले. म्हणजे आपल्या बाराखडीची बहीणच! अक्षरे ४६. शिवाय वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते, आणि ‘घरात’मधला ‘त’ जसा शब्दाच्या मागे लागतो तसेच त्यांचे प्रत्ययही मागेच लागतात. चिनी अक्षरे हजारोंनी आहेत, ती मला काही फारशी आली नाहीत. पण ‘ओनाका गा इताई’, म्हणजे पोट दुखते, हे मी स्वतः म्हणू लागले. पुढच्या खेपेस डॉक्टरकडे एकटी गेले. अडेल तेथे चित्रावर बोट ठेवले, पण उत्तर माझे होते आणि औषधही पुरते मिळाले.

कोणी म्हणेल, आता फोनच भाषांतर करतो. करतो खरा, आणि मीही त्याचा पुष्कळ उपयोग केला. पण जिन्यात भेटलेल्या शेजारणीशी फोन पुढे धरून किती बोलणार? आणि शेजारीण तर तेथे फारच हवी. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात टोकियो आणि आसपासची एक लाखाहून अधिक माणसे दगावली. १९६० सालापासून तो दिवस संकटनिवारणाचा दिवस म्हणून पाळला जातो आणि जागोजागी कवायती होतात. आमच्या कवायतीत शेजारच्या आजींनी माझा हात धरून मैदान दाखविले, ११९ वर आग आणि रुग्णवाहिका, ११० वर पोलीस, हे माझ्याकडून घोकून घेतले. माझे नाव त्यांना नीट येत नसे. पण वरच्या मजल्यावर एक परदेशी बाई आणि तिचे पोर आहे, हे त्यांना ठाऊक होते. धरणी हलली तर आपल्याला हाक मारणारे कोणी आहे, एवढ्याने मला झोप लागू लागली.

म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलीला लोणचे-पापड जरूर द्या, पण निघण्यापूर्वी तिथल्या भाषेतले चार शब्दही शिकवून धाडा: दुखते, मदत करा, माझा पत्ता अमुक, मला समजले नाही. आणि पहिल्याच आठवड्यात शेजारचे दार वाजवायला सांगा.

जपानचे आपल्यावर एक ऋणही आहे. तेथील महिला विद्यापीठाची माहिती वाचूनच महर्षी कर्व्यांना आपल्याकडे तसे विद्यापीठ काढण्याची प्रेरणा झाली आणि १९१६ साली ते उभे राहिले. उलट २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. मन मोकळे असले की घेणेदेणे असे दोन्ही बाजूंनी होते.

शेवटी एक मागणे. आपल्याच आळीत मागच्या चाळीत परप्रांतांतून आलेल्या बांधकाम मजुरांच्या बायका राहतात. दवाखान्यात त्यांचीही पोरे मध्ये उभी राहून आईचे दुखणे सांगतात. मी परवाच पाहिले. मंडळाची खोली बुधवारी दुपारी रिकामी असते. तेथे तासभर त्यांना मराठी शिकवावी, केसपेपर कसा काढावा, रेशनकार्डाचे कसे करावे, हे सांगावे. सातवीपर्यंतचे शिक्षण त्याला पुरे आहे. पहिल्या बुधवारी मी येते. आणखी दोघीतिघींनी आज जाण्यापूर्वी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.