दोन भेटींमधले एकवीस दिवस



कॅन्सर आणि डिजिटल तंत्रज्ञान म्हटलं की कृत्रिम बुद्धिमत्ता पहिली आठवते. तिचं काम मोठं आहेच. स्वीडनमध्ये 80,000 स्त्रियांच्या मॅमोग्राफी चाचणीत तिची मदत घेतली, तेव्हा चित्रं वाचण्याचा डॉक्टरांचा भार 44 टक्क्यांनी हलका झाला आणि निदानात कुठे उणं पडलं नाही. आज मात्र मी याहून पुष्कळ साध्या साधनाबद्दल बोलणार आहे. ते साधन म्हणजे रुग्णाला दर आठवड्याला ‘काय त्रास होतोय?’ असं विचारणारी प्रश्नावली.

केमोथेरपीची फेरी बहुतेक वेळा एकवीस दिवसांची असते. सलाइनमधून औषध जायला काही तास लागतात. बाकीचे दिवस माणूस घरीच काढतो. मळमळ, जुलाब, तोंड येणं, हातापायांना मुंग्या हे सगळं घरी सोसायचं असतं. याच काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात. तेव्हा 100.4 अंश फॅरनहाइट ताप आला तर ती तातडीची वेळ असते. तास-दोन तासांत अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. घरचे मात्र क्रोसिनची गोळी देतात आणि सकाळ व्हायची वाट बघतात. तीन आठवड्यांनी ओपीडीत डॉक्टर विचारतात, “कसं काय?” उत्तर येतं, “बरं आहे.” मागे रांग असते, डॉक्टर घाईत असतात, आणि त्रास सांगितला तर औषध बंद करतील ही धास्तीही मनात असते. त्या एकवीस दिवसांचं काय झालं, ते केसपेपरवर उतरतच नाही.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या रुग्णालयात डॉ. ईथन बाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच जागा हेरली. पसरलेल्या कॅन्सरवर केमोथेरपी घेणारे 766 रुग्ण त्यांनी अभ्यासात घेतले. काहींवर नेहमीसारखे उपचार झाले. इतरांनी बारा त्रासांची नोंद संगणकावर स्वतः करायची होती. प्रत्येक त्रासाला शून्य ते चार अशी श्रेणी होती. एखादा त्रास तीनवर गेला किंवा एकदम दोन पायऱ्या चढला, की नर्सला ईमेल जाई. ती फोन करून विचारपूस करी, औषध बदलून घेई, गरज पडली तर बोलावून घेई. या गटातले रुग्ण इमर्जन्सीत कमी आले आणि केमोथेरपी सरासरी 6.3 ऐवजी 8.2 महिने झेपवू शकले. 2017 साली आलेल्या निष्कर्षांत त्यांचं मध्यक आयुष्यही 26 महिन्यांवरून 31.2 महिन्यांवर गेलेलं दिसलं. ज्यांनी पूर्वी संगणक फारसा हाताळला नव्हता, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘आपल्या खेड्यातल्या माणसाला हे कसं जमणार?’ असं म्हणणाऱ्यांनी ती जरूर लक्षात घ्यावी.

आता पूर्ण चित्र. पुढे अमेरिकेतल्या 52 दवाखान्यांत 1,191 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. ज्यांना इंटरनेट नको होतं, त्यांना फोनवरूनच प्रश्न विचारले जात. त्रास कमी झाला आणि हिंडण्या-फिरण्याची ताकद जास्त टिकली, पण आयुष्य वाढल्याचं या वेळी सिद्ध झालं नाही. म्हणून पाच महिन्यांचा तो आकडा जाहिरातीसारखा मिरवू नये. पण मरणाची तारीख तीच राहिली आणि मधले महिने कमी यातनांचे गेले, तर तेवढंही मला पुरेसं आहे.

संशोधनालाही याची गरज आहे. नव्या औषधाच्या चाचणीत दुष्परिणाम डॉक्टर लिहीत, आणि रुग्ण सांगतो त्यापेक्षा ते कमीच लिहिले जात. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने 78 लक्षणांची एक प्रश्नसूची तयार केली आहे. तिच्यात थकवा किती आला हे रुग्ण स्वतः सांगतो.

रुग्णामागे चिकाटीने जाणं आपल्याला नवं नाही. 1987 मध्ये बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. पुढे तिथल्याच नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांवर चाचणी झाली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकदाच केलेली एचपीव्ही तपासणी त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे 2009 साली जगाला त्या चाचणीने दाखवलं. गावोगाव, घरोघर जाऊन कोण आजारी पडलं, कोण दगावलं याची वर्षानुवर्षं नोंद ठेवणारी माणसं नसती, तर हा निष्कर्ष हाती लागलाच नसता. त्यांच्या हाती आज मोबाइल आला तर नोंद लवकर पोचेल. पण दार त्यांनाच ठोठावावं लागेल.

2025 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली. खाटा येतील, औषधं येतील. माझी मागणी अशी, की प्रत्येक केंद्रात एका नर्सची नेमणूक केवळ रुग्णांच्या प्रश्नावलीतून येणाऱ्या सूचना पाहण्यासाठी करावी. प्रश्न मराठीत असावेत, ज्याला वाचता येत नाही त्याला ते फोनवर ऐकू यावेत, आणि त्या नर्सला रात्री अकरा वाजताही डॉक्टरांना उठवण्याचा अधिकार असावा. तिचा पगार केंद्राच्या अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून धरलेला असावा. ॲप पुरवणारी कंपनी निवडायचं काम त्यानंतरचं.