सैल तार आणि मजुराचे तास

(शेतमजूर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



यंत्र बंद पडले तर तोटा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न अमेरिकेतील भाडोत्री कापणीच्या धंद्यात स्पष्ट दिसतो. मे महिन्यात टेक्सासमध्ये गहू कापणीस येतो. पुढे ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा असे करीत हंगाम कॅनडाच्या सरहद्दीला भिडतो. ठेकेदार कंबाइन यंत्रे, ट्रक आणि मजूर घेऊन पिकामागोमाग उत्तरेकडे सरकत असतात. महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, मॅसी-हॅरिस कंपनीने स्वतःच्या इंजिनावर चालणारी ५०० कंबाइन यंत्रे अशा ठेकेदारांसाठी बांधली आणि या धंद्यास मोठी चालना मिळाली.

ठेकेदाराचा मोबदला एकरावर आणि वाहिलेल्या धान्यावर ठरतो. काम थांबले की उत्पन्न थांबते. कर्जाचा हप्ता थांबत नाही.

थांबण्याचे कारण बहुधा क्षुल्लक असते. चेसिसला जोडलेली अर्थिंगची तार गंजते. ट्रेलरच्या जोडणीत धूळ आणि ओल शिरते. खडखडाटाने तारेचे आवरण घासून फ्यूज उडतो. हिवाळ्यात उभ्या राहिलेल्या ट्रकच्या तारा उंदीर कुरतडतात. मागचे दिवे लागत नसतील तर भरलेला ट्रक हमरस्त्यावर नेता येत नाही. ट्रक अडला की कंबाइनची टाकी रिकामी होत नाही, आणि उभ्या पिकावर गारपिटीचे सावट असते. मग दोष शोधण्यात गेलेला वेळ रात्री उशिरापर्यंत कापणी करून भरून काढला जातो.

हे जादा तास मजुराचे असतात. संघटनेच्या हक्कास संरक्षण देणाऱ्या १९३५ च्या केंद्रीय कायद्यातून अमेरिकेने शेतमजुरांना वगळले. १९३८ च्या कायद्यातील जादा कामाची दीडपट मजुरीही केंद्रीय पातळीवर त्यांना आजतागायत लागू नाही. दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांतून हंगामी व्हिसावर येणाऱ्या तरुणांचा परवाना तर एकाच मालकाशी बांधलेला असतो. तक्रार केली तर परतीची वाट धरावी लागण्याची धास्ती असते.

पंजाबमधून मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात येणाऱ्या हार्वेस्टरवरही चालक आणि मदतनीस घरापासून दूर राबतात. त्यांच्यात काम करताना आपली पहिली मागणी साधी असावी : खोळंब्याचा आणि दुरुस्तीचा तास हा कामाचाच तास होय, आणि त्याची मजुरी हंगामापूर्वी लेखी ठरली पाहिजे.