बालकांचा काचबिंदू

भिवंडीच्या यंत्रमागांच्या वस्तीत एखादे तान्हे मूल उजेडाकडे नेताच डोळे गच्च मिटत असेल, डोळ्यांतून अखंड पाणी वाहत असेल आणि बुबुळ मोठे व धुरकट भासत असेल, तर टपोऱ्या डोळ्यांचे कौतुक करीत न बसता त्याला तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, कारण हा जन्मजात काचबिंदू असू शकतो.

औषधी थेंबांनी डोळ्यातील वाढलेला दाब तात्पुरता उतरतो. त्यांतील ब्रिमोनिडीन मात्र श्वास मंदावत असल्याने तान्ह्यांस सर्वथा वर्ज्य होय. मुख्य इलाज शस्त्रक्रियेचाच: बुबुळावरचे पारपटल स्वच्छ असल्यास गोनिओटॉमीने आतून, धुरकट असल्यास ट्रॅबेक्युलोटॉमीने बाहेरून डोळ्यातील द्रवाच्या निचऱ्याची वाट मोकळी करतात. त्यानंतरही चष्मा आणि आजन्म तपासणी यांत कसूर नको. गमावलेली दृष्टी परतत नाही, उरलेली मात्र राखता येऊ शकते.