डहाणूचे वीज केंद्र : अट आणि अंमल
(नंदुरबार जिल्ह्यातील पंचायत सदस्य व शिक्षकांपुढील भाषण)



नवापूरच्या सीमेपलीकडे, गुजरातेतील उकाई येथे, कोळशावरील वीज केंद्र आहे. असे केंद्र आपल्या तालुक्यात यावयाचे ठरल्यास ग्रामसभेने काय विचारावे? याचे उत्तर डहाणूने दिले आहे. तोही आपल्यासारखाच आदिवासी तालुका.

तेथील ५०० मेगावॅटच्या केंद्रास १९८९ मध्ये केंद्र शासनाची सशर्त मंजुरी मिळाली. १९९१ मध्ये तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक घोषित होऊन उद्योगांवर बंधने आली. १९९५ मध्ये वीज सुरू झाली. धुरातील गंधकाचा वायू काढणारे संयंत्र मात्र बसले नाही. हा वायू हवेतील ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो, आणि डहाणूची उपजीविका तर चिकूच्या बागांवर! १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९९ मध्ये संयंत्राचा आदेश दिला, पुढे तीनशे कोटींची बँक हमी मागितली. समुद्राच्या पाण्याने धूर धुणारे संयंत्र चालू झाले ते २००७ मध्ये, मंजुरीनंतर अठरा वर्षांनी.

रकमेचा प्रश्न आला तेव्हाच काम हलले, असे माझे मत आहे. २०२५ मध्ये तर केंद्र शासनाने देशातील बहुसंख्य केंद्रांना या संयंत्रातून सूट दिली. १९९६ च्या पेसा कायद्यान्वये अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी वा पंचायतीशी विचारविनिमय आवश्यक आहे. त्या वेळी ठरावात संयंत्राची तारीख, हमीची रक्कम आणि धुराची मोजमापे पंचायतीच्या फलकावर मराठीत लावण्याची अट नोंदवून घ्यावी.