मसाल्यातलं दगडफूल आणि ध्रुवावरची थंडी

मागच्या आठवड्यात आम्ही गटाचा काळा मसाला करायला बसलो होतो. एकीने दगडफुलाची पुडी सोडली, चिमूटभर हातावर घेतलं आणि विचारलं, "अगं, हे फूल नाही, पान नाही. मग आहे तरी काय?" आम्हाला कुणालाच सांगता येईना. मग वाचलं, विचारलं, आणि मसाल्यावरून थेट दक्षिण ध्रुवाच्या खंडावर, अंटार्क्टिकाला जाऊन पोचलो.

दगडफूल म्हणजे एकत्र नांदणारे दोन जीव, बुरशी आणि शेवाळ. बुरशी घर बांधते, ओल धरते. शेवाळ उजेडात अन्न तयार करतं, त्यावर दोघांचं भागतं. अंटार्क्टिकात फुलं येणाऱ्या झाडांच्या जाती मोजून दोन. दगडफुलाच्या भाऊबंदांच्या मात्र दोनशेहून जास्त!

आम्हाला वाटलं, तिथे मोठी अडचण थंडीची असणार. पण त्याहून मोठी अडचण पाण्याची. जिकडे तिकडे पाणीच, पण सगळं गोठलेलं, काही उपयोगाचं नाही. टँकरची वाट पाहिलेल्या बाईला हे वेगळं समजावायला नको.

या जीवाला मुळं नाहीत. ओल संपली की तो पापडासारखा कडक होतो. मरत नाही, फक्त त्याचं सगळं काम थांबतं. मग वर बर्फ भुरभुरलं की तो जागा होतो. बर्फ वितळायचीही वाट पाहत नाही. बर्फातून न दिसणारी वाफ निघत असते, तीच तो ओढून घेतो. त्याच्या पेशींत साखरेच्या जातीचे पदार्थ असतात. घट्ट पाक जसा लवकर गोठत नाही, तसं आतलं पाणी चटकन गोठत नाही. अशा ओलीवर शेवाळ कामाला लागतं. शून्याखाली १७ अंशांवर, बर्फाखाली, अन्न तयार होताना शास्त्रज्ञांनी तिथे मोजलं आहे. आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये साधारण एवढीच थंडी असते.

उजेड तिथे कमीच मिळतो, मग भागतं कसं? आपल्या गटाच्या वहीसारखं बघा. अन्न तयार झालं ती जमा, श्वासात जळलं तो खर्च. थंडीत जमा कमी होते, पण खर्चही अगदी कमी होतो. म्हणून थोड्या उजेडातही शिल्लक पडते. वाळलेला असला की वहीच बंद, ना जमा ना खर्च.

धोका वेगळाच आहे. बर्फाचा जाड थर फार दिवस राहिला तर खाली ओल असते, पण उजेड पोचत नाही. खर्च चालू, जमा बंद. लिव्हिंगस्टन नावाच्या बेटावर बर्फ जास्त काळ साचून राहिलं, तेव्हा दगडांवरचे असे जीव मोठ्या प्रमाणात मेले. थंडीत तगणारा जीव पांघरुणाखाली मेला, हे ऐकून आम्हीही गप्प झालो.

मेलेलं भरून यायला किती काळ लागावा? तिथल्या कोरड्या दऱ्यांत एक काळी जात वर्षाला मिलिमीटरचा शंभरावा भागही धड वाढत नाही. शंभर वर्षांत मोहरीच्या दाण्याएवढीही नाही. एका बुटाखाली किती पिढ्या जात असतील! १९९१ च्या करारानुसार तिथे परवानगीशिवाय असं काही खरवडून आणता येत नाही.

आपल्याकडे आंब्याच्या खोडावर राखाडी चट्टे दिसतात ना, त्यांतले बरेचसे याच कुळातले. उन्हाळ्यात त्यावर ओंजळभर पाणी शिंपडून बघा. थोड्या वेळात राखाडी रंग हिरवट होतो. आम्ही परवा केलं. मसाल्याच्या दिवशी प्रश्न विचारणारी आमची मैत्रीण बराच वेळ खोडापाशीच उभी होती.